इंडियाना ड्यून्स: गुडघे बघून गेट निवडा

गुगल मॅपवर ‘इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क’ टाकून निघालात, तर पिन जिथे नेऊन सोडेल तिथे वाळू आणि पाणी असेलच याची खात्री नाही. या उद्यानाला एक मुख्य गेट असं नाहीच. नाशिकच्या गंगापूर धरणावर गाडी लावली की सगळं पाणी एका नजरेत येतं, तसं हे प्रकरण नाही. अमेरिकेत शिकागोजवळ, लेक मिशिगन या अवाढव्य सरोवराच्या दक्षिण टोकाला साधारण 24 किलोमीटर किनाऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली ही जागा आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये पोलाद कारखाना, बंदर, लोकांचे बंगले, रेल्वेचा रूळ आणि वेगळ्या मालकीचं आणखी एक उद्यान असं सगळं येतं.

नाशिकचे बरेच आई-बाबा उन्हाळ्यात शिकागोच्या उपनगरांत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जातात. नेपरविल, शॉमबर्ग, ऑरोरा ही नावं आता कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावरही ओळखीची आहेत. एखाद्या शनिवारी ‘चला, वाळूचे डोंगर बघून येऊ’ असं ठरतं आणि सगळे चुकीच्या ठिकाणी उतरतात. मग साठीतली मंडळी गाडीत बसून राहतात, मुलं तापलेल्या वाळूत एकदा वर जाऊन येतात आणि ‘काही विशेष नाही’ असा निकाल लागतो. जागा विशेष आहे, पूर्ण दिवस द्यावा अशी आहे. फक्त एका दिवसात एक तुकडा, फार तर दोन, एवढंच धरायचं. कुठला तुकडा, ते गाडीतल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यावर ठरवायचं.

पैशांचा घोळ आधी मिटवू. इथे दोन उद्यानं एकमेकांत गुंतलेली आहेत. इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क 1925 पासून आहे, ते राज्य सरकारचं. त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग 1966 मध्ये केंद्राने संरक्षित केला आणि 15 फेब्रुवारी 2019 ला त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. दोन्हींची तिकिटं वेगळी. नॅशनल पार्कला 2022 पर्यंत बहुतेक ठिकाणी तिकीटच नव्हतं, त्यामुळे ‘तिथे फुकट आहे’ हे जुनं ज्ञान अजून फिरत असतं. ते सोडून द्या. आता गाडीमागे 25 डॉलरचा पास सात दिवस चालतो, चालत किंवा सायकलवर आलात तर माणशी 15. मुलाकडे ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ वार्षिक पास असेल तर त्याच्या गाडीत बसलेले सगळे त्यातच आले. परदेशी पाहुण्यांकडून माणशी 100 डॉलर जादा घ्यायला 2026 पासून ज्या अकरा उद्यानांत सुरुवात झाली, त्यांत हे नाही, तेव्हा ती धास्ती नको. स्टेट पार्कच्या गेटवर मात्र यातला कुठलाच पास चालत नाही. तिथे गाडीचं वेगळं शुल्क भरावं लागतं आणि इलिनॉयची, म्हणजे शिकागोकडची, नंबरप्लेट असेल तर इंडियानावाल्यांपेक्षा जास्त. दर बदलत असतात, निघायच्या आदल्या रात्री दोन्ही संकेतस्थळं बघून घ्या. नॅशनल पार्कचा पास घरूनच ऑनलाइन काढून फोनमध्ये ठेवला की किनाऱ्यावरच्या मशीनशी झटापट करावी लागत नाही.

शिकागोच्या मध्यवस्तीतून अंतर सुमारे 80 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तास. पण आय-80 आणि आय-94 हे महामार्ग एकत्र येतात त्या पट्ट्यात ट्रकांची रांग लागली की दोन तास धरा. स्कायवेने गेलात तर टोल सणसणीत आहे, आय-94 ने तो वाचतो. आय-94 च्या 26 नंबरच्या एक्झिटवर उतरून 49 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला वळलं की आधी व्हिजिटर सेंटर येतं आणि रस्ता सरळ पुढे स्टेट पार्कच्या गेटवर संपतो. घड्याळाची काळजी नको. इंडियानाचा बराचसा भाग शिकागोच्या एक तास पुढे आहे, पण हा कोपरा शिकागोच्याच वेळेवर चालतो.

गुडघे ठीक असतील आणि पहिलीच खेप असेल तर डोळे झाकून वेस्ट बीच. मॅपवर उद्यानाचं नाव न टाकता ‘वेस्ट बीच’ असंच टाका. मोठं पार्किंग, शॉवर आणि कपडे बदलायची सोय असलेलं पक्कं बांधकाम, उन्हाळ्यात लाईफगार्ड. नॅशनल पार्कच्या किनाऱ्यांपैकी लाईफगार्ड फक्त इथेच असतात. मोठं असलं तरी जुलैतल्या रविवारी अकरा वाजता पार्किंग भरतं आणि गेटवरूनच परत पाठवतात. नऊच्या आत पोहोचा.

इथला ड्यून सक्सेशन ट्रेल हा या उद्यानाचा गाभा आहे. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, लाकडी पायऱ्या मात्र अडीचशेहून अधिक. पांडवलेणीला न थांबता चढणाऱ्यांना काहीच वाटणार नाही, बाकीच्यांसाठी मध्ये टेकायला जागा आहेत. लोक वरून सेल्फी काढून उतरतात आणि पायाखाली काय चाललंय ते तसंच राहतं. पाण्याकडून आत चालायला लागलात की दर शंभर-दीडशे पावलांवर काळ मागे जातो. पाण्यालगत उघडी वाळू, ही अगदी ताजी. मग गुडघाभर उंचीचं मॅरम गवत लागतं. वाळू अंगावर चढत गेली तरी हे गवत गुदमरत नाही, उलट वर वर वाढतं आणि खाली मुळांची जाळी विणून टेकडी धरून ठेवतं. त्यामागे कॉटनवूड, मग जॅक पाइन आणि सगळ्यात आत काळ्या ओकचं रान. हिमयुगानंतर सरोवराचं पाणी टप्प्याटप्प्याने मागे सरकलं, प्रत्येक टप्प्यावर वाऱ्याने टेकड्यांची नवी ओळ उभी केली, म्हणून किनाऱ्यापासून जितकं दूर तितकी टेकडी म्हातारी. शिकागो विद्यापीठाच्या हेन्री काउल्स यांनी 1899 मध्ये इथल्याच टेकड्यांवरून ही वनस्पतींची वारसाहक्काची साखळी मांडली आणि परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ही जागा कायमची गेली.

त्या उतारांवर जमिनीलगत बघत चला. हिरव्या, काटेरी, चपट्या पाट्या दिसतील. हो, आपला फड्या निवडुंगच, त्याचा थंडी सोसणारा चुलतभाऊ. डिसेंबरात बर्फाखाली सुरकुततो, जूनमध्ये पिवळं फूल धरतो. आणि याच टेकड्यांवर बेअरबेरी नावाचं ध्रुवाकडच्या थंड मुलखातलं झुडूपही आहे. वाळवंटाचं झाड आणि बर्फाळ प्रदेशाचं झाड एका टेकडीवर नांदताना बघायला मिळणं हे आमच्या मते इथल्या तिकिटाचं खरं मोल आहे.

पायऱ्या सोडून वाळूत उतरू नका, हे फलकांवर लिहिलंय म्हणून नव्हे. मॅरम गवत वाळूचे ढीग सोसतं, पण पायांची वर्दळ सोसत नाही. थोड्या लोकांनी एकच ‘शॉर्टकट’ धरला की ते मरतं, मुळं सुटतात, वारा तिथून वाळू उपसायला लागतो आणि टेकडीला भगदाड पडतं.

अंगात रग असलेल्यांनी स्टेट पार्कमधलं थ्री ड्यून चॅलेंज करावं. माउंट जॅक्सन 176 फूट, माउंट होल्डन 184 फूट, माउंट टॉम 192 फूट. आकडे वाचून ब्रह्मगिरी चढलेला नाशिककर हसेल. एकूण वाट अडीच किलोमीटरही नाही, चढ सगळा मिळून 552 फूट. पण दगडावर टाकलेलं पाऊल जिथे टाकलं तिथे राहतं, सुक्या वाळूत टाकलेलं अर्धं मागे येतं. त्यामुळे श्रम दीडपट-दुप्पट होतात आणि ते मांड्यांपेक्षा पोटऱ्यांना आणि टाचेच्या मागच्या शिरेला जाणवतात. चढताना पुढच्याच्या पाऊलखुणेत पाऊल टाका, तिथली वाळू दाबलेली असते. पाऊल सपाट ठेवा, चवड्यावर चढलात की जास्त रुतता. बूट चालतील, पण जाळीचे नकोत, प्रत्येक बुटात वाटीभर वाळू जमते. जुलैच्या दुपारी अनवाणी तर अजिबात नको. वरची वाळू इतकी तापते की मधोमध पोहोचल्यावर ना वर पळता येतं ना खाली. सकाळी साडेआठच्या आधी चढायला लागलात तर चढ तोच, त्रास निम्मा. टॉमवर बऱ्याच भागात लाकडी पायऱ्या आहेत, त्यामुळे एकच शिखर करायचं असेल तर सगळ्यात उंच तेच सगळ्यात सोपं, हे उलटं गणित लक्षात ठेवा.

मुलांनी ‘माउंट बाल्डी’चं नाव काढलं तर आधीच सांगून ठेवा की त्यावर मनाने चढता येत नाही. 126 फुटांची ही टेकडी दरवर्षी सुमारे चार फूट जमिनीकडे सरकते आणि वाटेतली झाडं उभीच्या उभी पोटात घेते. गाडलेला ओक आत कुजतो, पण त्याच्या भोवतीची वाळू लगेच ढासळत नाही. झाडाच्या जागी पोकळ नळी राहते, वरून पत्ता लागत नाही. जुलै 2013 मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशा भोकात सुमारे 11 फूट खाली गेला. तीन तासांहून जास्त उकरल्यावर तो जिवंत निघाला. तेव्हापासून टेकडी बंद आहे. किनाऱ्याकडे जाणारी वाट खुली आहे, माथ्यावर फक्त रेंजरबरोबर ठरलेल्या फेरीत जाता येतं. त्या फेऱ्यांच्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर असतात. तारीख जुळली तर जरूर जा, नाही जुळली तर दोरी ओलांडून ‘पाच मिनिटांत येतो’ हा आपला प्रकार इथे करू नका.

बाल्डीच्या पार्किंगमधून एक अवाढव्य कूलिंग टॉवर दिसतो आणि गाडीतलं कोणीतरी ‘अणुभट्टी!’ म्हणतंच. ते कोळशावरचं वीज केंद्र आहे, एकलहऱ्याच्या जातीचं. ते उभं आहे तिथे पूर्वी हूझिअर स्लाइड नावाची जवळपास 200 फुटांची टेकडी होती, बाल्डीपेक्षा कितीतरी उंच. काचेच्या कारखान्यांनी बरण्या करायला तिची वाळू मालगाड्यांनी वाहून नेली आणि 1920 च्या सुमारास तिथे सपाट जमीन उरली. बाकीच्या टेकड्या वाचल्या त्या 1952 पासून डोरोथी ब्यूएल यांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे आणि सिनेटर पॉल डग्लस यांच्या पाठपुराव्यामुळे. तरीही पोलाद कारखाना आणि बंदर मधोमध आलेच. त्यामुळे काही किनाऱ्यांवर डावीकडे निळं पाणी आणि उजवीकडे धुराडी असं दृश्य असतं. फोटोत ते टाळायचं असेल तर केमिल किंवा डनबार या किनाऱ्यांवर जा. पार्किंग छोटं आहे, पण गर्दी कमी.

आता पाणी. खारट नाही, भरती-ओहोटी जाणवत नाही, म्हणून आपली माणसं त्याला तलाव समजतात आणि तिथेच फसतात. उत्तरेकडून वारा सुटला की शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून लाटा येतात आणि किनाऱ्यावर आपटलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत आत ओढलं जातं. हा ओढा माणसाला खाली नेत नाही, आत नेतो. त्याच्याशी झगडून सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि बुडतो. पाठीवर तरंगा, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग किनाऱ्याकडे या. धक्क्याच्या किंवा बांधाच्या भिंतीलगत हा ओढा कायम जोरात असतो, तिथे पाण्यात उतरूच नका. लाल झेंडा असेल तर वाळूतच बसायचं. जूनमध्ये पाणी अंग काकडेल इतकं गार असतं. ऑगस्टमध्ये मात्र डुंबण्यासारखं होतं.

म्हणूनच आमचा कौल सप्टेंबरला. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला की गर्दी ओसरते, पाण्यात ऊब असते, डास कमी झालेले असतात आणि वाळूत दुपारीही चालता येतं. इकडे गणपतीची गडबड असते साधारण तेव्हाच. एकच उणं, लाईफगार्ड गेलेले असतात. मे-जूनमध्ये गेलात तर गोचिडांचा मोसम असतो: मोजे पँटवर चढवा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, कानामागे तपासा. आणि वाटेच्या कडेला एका देठावर तीन पानं असलेली वेल दिसली की हात लावू नका. पॉयझन आयव्ही ही बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उततो तसेच फोड येतात, तेही लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यामुळे कशाने झालं ते कळत नाही. लागल्याचा संशय आला तर ताबडतोब साबण आणि गार पाण्याने धुवा. बुटांची नाडीही धुवा, वेलीचं तेल तिलाही चिकटतं.

ज्यांना चढणं नकोच, त्यांच्यासाठी पोर्टेज लेकफ्रंट. पोलाद कारखान्याच्या पडीक जमिनीवर केलेली ही जागा आहे. पार्किंगपासून पाण्यापर्यंत पक्की सपाट वाट, बसायला बाकं, डोक्यावर छप्पर असलेलं पॅव्हिलियन. व्हीलचेअर सहज जाते. टेकडी चढायचा प्रश्नच नाही, सरोवर मात्र पूर्ण दिसतं. दोन पिढ्या बरोबर असतील तर तरुणांनी वेस्ट बीच करून यावं आणि आजी-आजोबांनी इथे बसावं, दोन्ही ठिकाणं गाडीने जवळ आहेत. नांदूर मध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी बेव्हर्ली शोअर्सजवळचा ग्रेट मार्श ट्रेल घ्यावा. सपाट दलदलीतली वाट आहे, बदकं, बगळे आणि नशिबात असेल तर सँडहिल क्रेन दिसतात.

बेव्हर्ली शोअर्सलाच 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातली पाच घरं आणून ठेवली आहेत, त्यांतलं गुलाबी फ्लोरिडा हाउस सगळ्यांत जास्त फोटोत असतं. आत जाता येत नाही. वर्षातून एकदा सप्टेंबरअखेरीस आतून दाखवतात आणि ती तिकिटं झटक्यात संपतात. रस्त्यावरून दहा मिनिटांत बघून होतात, त्यासाठी वेगळा वेळ काढू नका. काउल्स बॉग ट्रेल सुंदर आहे, पण साडेसात किलोमीटर आणि शेवटी वाळूची चढण. पहिल्या खेपेला सोडा. कीटक खाणाऱ्या वनस्पतींची पिनहुक बॉग ही दलदल फक्त रेंजरबरोबर बघता येते, तारीख बघून जा.

खाण्याचं घरूनच न्या. नॅशनल पार्कच्या किनाऱ्यांवर टपरी, गाडा, चहा यातलं काही मिळेल या भरवशावर राहू नका. जवळचं गाव चेस्टरटन, तिथे गाडी काढून जावं लागतं आणि परत आल्यावर पार्किंग मिळत नाही. दशम्या, थालीपीठ, पोळीचे रोल हे उत्तम. नाशिकचा चिवडा नेलात तर पिशवीतूनच खा, ताटलीत काढलात की चिवडा सरोवरात आणि सीगल तुमच्या डोक्यावर. लोणच्याची काचेची बरणी नको: किनाऱ्यावर काच आणायला बंदी आहे आणि मोडणाऱ्याला दंड होतो. माणशी दोन लिटर पाणी धरा. छत्रीपेक्षा खुंटीचा छोटा तंबू बरा, वाऱ्यात छत्री उलटी होते. खुंट्या मात्र लांब लागतात, आखूड वाळूत टिकत नाहीत. शंख-शिंपल्यांची आशा नको. गुळगुळीत गोटे भरपूर, पण ते आणि वाळू घरी न्यायला मनाई आहे. ड्रोनही चालत नाही.

गाडी नसेल तर साउथ शोअर लाइनची रेल्वे चांगली आहे. शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून ड्यून पार्क स्टेशन सव्वा तासाच्या आसपास, तिथून स्टेट पार्कच्या किनाऱ्यापर्यंत दोनेक किलोमीटर पायी. अडचण उपनगरवाल्यांची. नेपरविलची मेट्रा लोकल युनियन स्टेशनला सोडते आणि मिलेनियम तिथून सुमारे दीड किलोमीटर पूर्वेला. मध्ये पाऊण तास हातात ठेवा, आणि परतीच्या गाडीची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात.

सूर्यास्तापर्यंत थांबा. जूनमध्ये तो साडेआठच्या सुमारास होतो आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारती काडेपेटीतल्या काड्यांसारख्या उभ्या दिसतात. निघताना ट्रंकमध्ये बेबी पावडरचा डबा ठेवलेला असू द्या. ओल्या पायांची वाळू पाण्याने जात नाही, पावडर चोळून पुसली की झटक्यात सुटते, आणि मुलाच्या गाडीचे मॅट घरी जाऊन झाडत बसावे लागत नाहीत.